डावं, मधलं, उजवं

"ठमे, चेंडू दे."

टेबलावर तीन चित्रं मांडलेली होती: कप, बूट आणि चेंडू. समोरच्या छोट्या खुर्चीत सहा वर्षांची ठमी ढिम्म बसली होती. ताईंनी मनात पाच आकडे मोजले आणि टॅबवरच्या फुलीवर बोट दाबलं. ही आठवी फुली. शुक्रवारपर्यंत हीच पोरगी दहातली नऊ चित्रं बरोबर देत होती हो!

ताई वर्तनतज्ज्ञ होत्या. ऑटिझम असलेली मुलं या केंद्रात यायची. कुणी चावायचं, कुणी भिंतीवर डोकं आपटायचं. ते तसं का करतं हे शोधायचं आणि त्याला एकेक गोष्ट चमच्या-चमच्यानं शिकवायची, हे काम ताई अकरा वर्षं करत होत्या. ठमी सात महिन्यांपूर्वी आली तेव्हा खुर्चीवर टेकायचीसुद्धा नाही.

आणि उद्या, गुरुवारी, तिची परीक्षा होती. साध्या शाळेत, मदतनिसासह, एक जागा रिकामी होती. दहातली पाच चित्रं दिली की जागा ठमीची. नाहीतर पुढच्या वर्षी वय उलटलेलं, म्हणजे विषयच संपला.

ताईंचा सगळा राग टॅबवर होता. केंद्राच्या मोठ्या बाईंनी सोमवारपासून कागद बंद केले होते. मांडीवर टॅब ठेवायचा आणि बोटानं टिचक्या मारायच्या. ज्यांनी आयुष्यात एक मूल खुर्चीवर बसवलं नाही, त्यांना असले शोध बरे लागतात! "खड्ड्यात गेला तुमचा टॅब," असं पुटपुटत ताईंनी कपाटातून जुनी वही काढली आणि टेबलावर उघडी ठेवली.

वहीत तीन उभी घरं होती: डावं, मधलं, उजवं. बरोबर चित्र रोज एकाच जागी राहू नये, म्हणून प्रश्न विचारण्याआधी बरोबर चित्र ज्या बाजूला असेल त्या घरात टिंब काढायचं, ही ताईंची शिस्त.

ताईंनी टिंब काढलं. "कप दे." ठमीनं कप दिला.

"बूट दे." बूट आला. सलग पाच बरोबर! दाराच्या काचेपलीकडे ठमीची आई उभी होती, तिनं दोन्ही हात तोंडावर धरले. ताईंचाही जीव भांड्यात पडला. त्या आनंदात सहावं टिंब चुकलं. चेंडू डावीकडे होता आणि टिंब पडलं मधल्या घरात.

"चेंडू दे."

ठमीनं मधला बूट उचलून दिला.

ताईंनी मुद्दाम उजव्या घरात टिंब काढलं आणि डावीकडचा कप मागितला. ठमीचा हात उजवीकडे गेला. आणखी चारदा तेच. जिकडे पेन, तिकडे हात. पोरगी चित्रं बघतच नव्हती. अकरा वर्षं लोकांच्या पोरांच्या खोडी शोधल्या आणि स्वतःच्या हाताची खोड दिसली नाही! नाचता येईना अंगण वाकडं, आणि शिव्या खाल्ल्या टॅबनं.

त्यांनी आईला आत बोलावून सगळं सांगितलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही दिलेला तिच्या मार्कांचा तो चढत जाणारा आलेख मी फ्रिजवर लावलाय."

"चूक माझी आहे."

"म्हणजे तिला काहीच येत नाही?"

"चित्रं येत नाहीत अजून."

"उद्या प्रश्न कोण विचारणार?"

"मीच. मूल ओळखीच्या माणसापुढेच उघडतं ना. परीक्षक बाई शेजारी बसून लिहिणार."

"मग वही घेऊन बसा."

ताईंनी वही मिटली.

"अहो, फक्त उद्या! लोक कॉप्या करून कुठल्या कुठे जातात. माझ्या पोरीनं एक टिंब बघितलं तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"आणि परवा? वर्गात टिंब कोण काढणार? 'परीक्षेत येत होतं, आता नाटकं करते,' असं म्हणून तिला ओरडतील. मग ती चावेल. मग काढून टाकतील."

"तुमचं काय जातंय बोलायला! सहा वाजले की तुम्ही घरी जाता." आईनं ठमीचे बूट ओढून घेतले. "सहा वर्षं मी तिच्या तोंडापुढे तोंड नेतेय. एकदा बघ गं माझ्याकडे, एकदा. आणि ही बया पेनाकडे बघत बसली होती!"

आईनं ठमीला बूट घातले आणि मागे न बघता ती निघून गेली.

गुरुवारी शाळेच्या त्या खोलीत ताई रिकामे हात घेऊन बसल्या. पेन त्यांनी पर्समध्ये, पर्स दाराबाहेर ठेवली होती. आई भिंतीशी उभी होती. सकाळपासून ती ताईंशी बोलली नव्हती.

"ठमे, कप दे."

ठमी ताईंच्या हातांकडे बघत राहिली. दुसऱ्या प्रश्नाला तिनं ताईंचं बोट धरून हलवलं, उचललं, परत टेबलावर ठेवलं. काढ ना, काढ. नुसतं बोट सरकलं असतं तरी जागा मिळाली असती. ताईंनी पंजे टेबलावर गच्च दाबून धरले. आपण कसाई आहोत असं त्यांना वाटत होतं.

दहापैकी शून्य.

परीक्षक बाईंनी चित्रं गोळा केली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाल्या, "समोरच्या व्यक्तीकडे लक्ष देत नाही."

"ते खोडा," आई म्हणाली.

"काय?"

"शून्य लिहा. जागा देऊ नका. पण हे खोडा. बघते ती. तुम्ही-आम्ही बघणार नाही इतकं बघते."

"अहो, मी स्वतः बघितलं ना आत्ता—"

"खोडा म्हणते ना!"

बाईंनी ताईंकडे पाहिलं. "मीही तेच सांगणार होते," ताई म्हणाल्या. "खोडा."

वैतागून बाईंनी पेन उचललं आणि ओळीच्या सुरुवातीला, अगदी डाव्या कडेला टेकवलं. ठमी पुढे झुकली. तिचा हात टेबलावरून डावीकडे सरकला आणि जिथं आता एकही चित्र नव्हतं, त्या जागेवर थांबला.

परीक्षक बाई ओळ खोडण्यात गुंतल्या होत्या. आईनं ताईंचा दंड घट्ट धरला आणि त्या दोघी त्या हाताकडे बघत राहिल्या.