एकाची कळ

संगणकाच्या प्रयोगशाळेत यंत्रं वीस आणि पोरं चाळीस; म्हणून एका यंत्राला दोघं. वर्षभर कळफलकापुढे बसला तुफान आणि शेजारच्या खुर्चीत ती. तुफानाची बोटं घोड्यासारखी उधळायची. ती बसल्या जागेवरून सांगायची, "अरे, चौथ्या ओळीत कंस राहिला. आणि हा फेरा थांबणार कधी, पुढच्या जन्मी?" वर्गानं त्याचं नाव ठेवलं होतं तुफान, तिचं भिंग.

मग एके दिवशी मॅडमनी फळ्यावर लिहिलं: प्रात्यक्षिक परीक्षा, ज्यानं त्यानं एकट्यानं, वेळ एक तास. नापास झालं तर वर्ष पुन्हा.

भिंगाला टाइप करायची सवयच नव्हती. प्रोग्रॅम डोक्यात तयार असायचा. पण एक अक्षर कळफलकावर शोधेपर्यंत पुढचं डोक्यातून निसटायचं. घरी संगणक नव्हता. होती मावशी, कोर्टात पस्तीस वर्षं टायपिस्ट होती ती, आणि तिचा लोखंडी इंग्रजी टाइपरायटर.

"आठ दिवसांत?" मावशी म्हणाली. "बाई गं, मला सहा महिने लागले होते. बैस."

तिनं भाचीच्या हातांवर टॉवेल पांघरला आणि जात्यावर बसल्यासारखी गुणगुणू लागली:

"करंगळी गं करंगळी, आपुल्या घरी राहा,
शेजारणीच्या कळीवरती डोकावून ना पाहा."

आठव्या दिवशी बोटं न बघता चालू लागली. धावत नव्हती, पण ठेचकाळतही नव्हती.

परीक्षेत प्रश्न सोपा आला. दहा जणांचे गुण घ्यायचे, पास किती ते सांगायचं. भिंगानं पंचवीस मिनिटांत बारा ओळी लिहिल्या आणि प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: सहाव्या ओळीतल्या एकाला मी ओळखत नाही.

एकाला ओळखत नाही? दूधपितं पोरसुद्धा ओळखतं! पास होणाऱ्या प्रत्येकामागे मोजणीत एक वाढवायचा, एवढीच ती ओळ. तिनं ती अक्षर अक्षर वाचली. कंस तपासले, बिंदू तपासले. जवळजवळ अर्धा तास गेला. जन्मभर दुसऱ्याचं कुसळ दाखवलं, आता स्वतःचं मुसळ दिसेना.

तेव्हा तिला आठवलं, तुफानाच्या चुका आपण पडद्यावर शोधतच नव्हतो. त्याची बोटं कुठं घसरतात ते बघत होतो.

तिनं ती ओळ पुसली आणि पुन्हा लिहिली. या वेळी डोळे स्वतःच्या हातांवर. शेवटी एक आला आणि उजव्या हाताची अनामिका जागच्या जागी दबली.

पण एक तर वरच्या रांगेत, डाव्या टोकाला!

मावशीच्या यंत्रावर एकाची कळच नव्हती. तसल्या जुन्या यंत्रांवर छोटा एल हाच एक म्हणून चालायचा. कागदावर दोघं जुळे भाऊ. पडद्यावरही जुळेच दिसत होते, पण संगणक काही चेहरा बघून भुलणारा नव्हता. भिंगानं डावी करंगळी ताणून वर नेली, खरा एक दाबला. प्रोग्रॅम चालला: पास सात. चार मिनिटं उरली होती.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आपल्या मनाचे आकडे घालून पाहिले. उत्तर बरोबर आलं.

"बाराच ओळी?"

"हळू टाइप करते, सर. जास्त परवडत नाहीत."

ते हसले आणि तिच्या नावापुढे 'उत्तीर्ण' लिहिलं.

घरी मावशीनं आधी निकाल ऐकला, मग घडला प्रकार. तिचा चेहरा उतरला, लगेच चढलाही.

"म्हणजे चूक माझी म्हण की!"

"चूक नाही गं मावशी, पण तो संगणक..."

"पस्तीस वर्षं मी तसाच एक उमटवला. तारखांत, कलमांत, सगळीकडे. एकाही न्यायाधीशाची हिंमत झाली नाही 'मी याला ओळखत नाही' म्हणायची!"