तिसऱ्या तळ्यावरची गाठ

तिसऱ्या तळ्यावर जायचं तर होडी खांद्यावर घेऊन अर्धा तास झाडीतून चालावं लागतं. सगळी गर्दी पहिल्या तळ्यावर, दुसऱ्यावर गळ टाकून बसलेले दोन-चार हौशी, आणि ज्यांना अंगमेहनतीची खुमखुमी असेल त्यांनाच तिसरं. म्हणूनच बाबांनी ते निवडलं होतं. बाबा शिंपी. सुईदोऱ्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण दोरखंडाच्या बाबतीत सगळा आनंदच होता. तंबूची दोरी झाडाला बांधताना ते एक वेढा जास्त घेत आणि टोक उलट्या बाजूने आत खुपसत. ती गाठ पक्की बसे, पण सोडवताना घाम फुटे. जाणत्यांनी हसून सांगितलं तरी बाबांनी हीच चुकीची गाठ दोन्ही पोरांना शिकवली. बांधायचं काम धाकट्याचं आणि सोडवायचं ताईचं, ही वाटणी लहानपणापासूनची.

बाबा गेल्यावर ताई इकडे फिरकली नव्हती, तेही धाकट्याखातर. तीन दिवसांची सुट्टी जोडून आली की ती त्याला फोन करायची. तो जड आवाजात म्हणायचा, "ताई, तिकडचं नाव काढू नकोस. बाबांशिवाय ती जागा माझ्याच्याने बघवणार नाही." मग ती बाबांच्याच दुकानात, बाबांच्याच मशिनवर लोकांच्या पँटी आखूड करत सुट्टी काढायची. भाऊ दुःखात असताना आपण मजा मारायची, हे तिच्या मनाला पटत नव्हतं. बिचारी.

यंदा नवरा हटून बसला. तिनेही बेत केला, जागेचे फोटो काढायचे, धाकट्याला दाखवायचे आणि पुढच्या वर्षी त्याला हाताला धरून आणायचं. त्याला आधी काही सांगितलं नाही, उगाच त्याचा जीव दुखायचा.

काठावर उतरल्याबरोबर ती बाबांच्या तिरक्या झाडाकडे गेली. खोडावर चार गाठी होत्या. तीन जुन्या, कापलेल्या टोकांच्या, उन्हाने विटलेल्या. चौथी कोरी, निळ्या दोरीची, आणि तिचं दुसरं टोक एका मोठ्या तंबूला. ताईने प्रत्येकीवरून बोट फिरवलं. एक वेढा जास्त, टोक उलटं खुपसलेलं.

तंबूतून एक बाई किटली घेऊन बाहेर आली. मोकळ्या स्वभावाची होती, विचारायच्या आधीच सांगू लागली. तिच्या नवऱ्याच्या बँकेतला मित्र सगळ्यांना इथे आणतो, ही त्याच्या वडिलांची गाठ, बांधते छान पण सुटत नाही, म्हणून निघताना दरवर्षी दोरी कापावी लागते. आत्ता सगळे होडी घेऊन पलीकडे गेलेत, येतीलच.

"त्याच्या घरचं कुणी येत नाही?" ताईने विचारलं.

"एक बहीण आहे म्हणे. पण वडील गेल्यापासून तिला ही जागा बघवत नाही. तो इतकं बोलावतो, ती ऐकतच नाही."

धाकटा चोरून आला असता तर एक वेळ ताईने समजून घेतलं असतं. पण तिला फसवायला वापरलेलं दुःख त्याने तिच्याच नावावर खपवलं होतं. याला केसाने गळा कापणं म्हणतात, आणि तो सख्ख्या भावाने कापला होता.

तिने खिशातून शिवण उसवायचा टोचा काढला आणि जुन्या गाठीत घातला. पहिली सुटली, दुसरी सुटली. तिसरी हातात आली तेव्हा होडी काठाला लागली. हसत उतरणारा धाकटा तिला पाहून पाण्यातच थबकला. बाई कौतुकाने म्हणाली, "बघा, यांना सुटतेय तुमची गाठ."

धाकटा पुटपुटला, "ताई, मी सांगणारच होतो."

तिने निळी गाठही सोडवली, तंबूकडचं टोकही. तंबूची एक बाजू खाली बसली. चारी दोऱ्यांची नीट गुंडाळी करून, बाबा करायचे तशी, तिने त्याच्या ओल्या हातात ठेवली.

"तू सांगितलंस ते खरं आहे," ती म्हणाली. "मला ही जागा बघवत नाही."

मग नवऱ्याने होडीचं एक टोक उचललं, तिने दुसरं.