चाळीस अक्षरांचं कारण

मित्रांनो, भंगारवाल्यानं माझ्या पोटातला पंखा काढून नेलाय, तरी सांगतो. मी हडपसरच्या एका आयटी कंपनीतला जुना संगणक. दोन हजार चार साली माझी ऐट काय विचारता! दसऱ्याला झेंडूचा हार मिळायचा.

उत्तर युरोपातल्या एका देशाच्या ल्यूथरन राष्ट्रीय चर्चमधून नाव काढून घेणाऱ्यांचे अर्ज मी नोंदवायचो. कुणाला पगारातून कापला जाणारा चर्चचा कर नको असायचा, कुणाची श्रद्धाच उरलेली नसायची, कुणी लग्नानंतर चर्चची पायरी चढलेलं नसायचं. खडकीची निकिता सगळं टंकायची. कारणाच्या रकान्यात मी चाळीसच अक्षरं घ्यायचो. पुढचं निमूट गिळायचो आणि स्वतःला हुशार समजायचो.

एकदा कंपनीनं कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना कामाची जागा बघायला बोलावलं. निकिताचे आजोबा सीताराम, दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, माझ्यासमोर बसले. पडद्यावर एका म्हातारीच्या अर्जातली, इंग्रजीत भाषांतर होऊन आलेली ओळ होती. निकितानं मराठीत सांगितली, "नवरा गेला, चर्चमधून कोणीही."

"कोणीही काय?"

निकितानं भाषांतराचा पूर्ण कागद काढला. "कोणीही आलं नाही. एकदा कुणी विचारलं असतं, तर मी राहिले असते."

आजोबांनी तो कागद हातात घेतला. मग म्हणाले, "छप्पन साली आम्ही जुना धर्म सोडला. देवळात कधी घेतलंच नव्हतं. आई बाहेरूनच म्हणाली, 'जातो आम्ही.' घरातून निघताना माणूस 'येतो' म्हणतो, तिनं मुद्दाम म्हटलं नाही. आम्हाला परतायचंच नव्हतं. ही बाई मात्र 'येते' म्हणतेय, पोरी. तू तिचं 'जाते' लिहिलंस."

"जागाच नाही त्यात, आजोबा."

निकिता कागद घेऊन साहेबांकडे, चेतनकडे गेली. हे तिथल्या पाद्रीबुवांना कळवू या, म्हणाली.

"आपल्याला कारण विचारलंय," चेतन म्हणाला, "कहाणी नाही."

ती परत आली, तोवर मी पडद्यावर झळकवलं होतं: नोंद पूर्ण. आता काही बदलता येणार नव्हतं. निकितानं मान खाली घातली. खरं तर तोंड लपवायला हवं होतं मी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अशी किती माणसं मी अर्धी तोडली असतील, कोण जाणे.

पुढे नवे संगणक आले. मला हलवलं त्या दिवशी निकितानं माझ्यावरची धूळ पुसली आणि सवयीनं म्हणाली, "येते रे."

मित्रांनो, तो शब्द आठवला की मला अजून लाज वाटते. तुमच्या दारातून कुणी निघालं, तर त्याला अर्ध्यात तोडू नका. पुढचं ऐकून घ्या.