इर्माचा डावा पाय आणि मी

मित्रांनो, मी एक जुना गिअरबॉक्स आहे. पुढच्या दोन सीटच्या मधे जो उंचवटा असतो, त्याच्याखाली माझी जागा. गाडी देखणी आहे असे कोणी म्हणाले, तर ते रंगाला म्हणतात, काचांना म्हणतात. माझी आठवण होते ती मी कुरकुरलो की. आज मी तुम्हाला माझी कहाणी सांगणार आहे. आधीच सांगून टाकतो, माझ्या मनात राग आहे आणि तो लपवून गोड बोलणे मला जमत नाही.

मी आपोआप गिअर बदलणाऱ्या जातीचा. माझ्या पोटात पातळ चकत्यांच्या चळती आहेत. लाल तेलाच्या दाबाने त्या एकमेकींना घट्ट धरतात आणि गिअर पडतो. किती जोराने धरायचे, केव्हा धरायचे, हे कारखान्यात थोडेसेच शिकवतात. बाकीचे चालवणाऱ्याच्या पायाकडून शिकायचे असते. पाय हलका, तर मीही हलका. शिकलेले सारे गाडीच्या लहानशा संगणकात साठत जाते आणि मी त्याप्रमाणे वागतो.

मला शिकवले ते इर्मा लहतीने. मिशिगनच्या उत्तरेला, सुपीरियर सरोवराच्या काठच्या आमच्या मुलखात ती टपाल वाटते. खेड्यांतले टपालवाले इथे स्वतःचीच गाडी वापरतात. पत्रपेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला खांबांवर असतात आणि स्टिअरिंग मात्र डावीकडे. म्हणून इर्मा उजव्या सीटवर बसायची. डावा हात लांब करून स्टिअरिंग धरायची, डावा पाय माझ्यावरून पलीकडे टाकून पेडल दाबायची आणि उजव्या हाताने खिडकीतून पत्रे पेटीत सरकवायची. नवख्या माणसाला वाटे, गाडी माणसाशिवायच चालली आहे.

अशा ताणलेल्या पायात जोर तो किती असणार? त्यात ही गोगलगायीची चाल. थांब, चल, पुन्हा थांब. असल्या कामात भलेभले गिअरबॉक्स मान टाकतात. मी टाकली नाही. तिचा घोटा जरासा हलला की मी पहिला गिअर असा अलगद धरायचो, की तिच्या मांडीवरची पत्रे जागची हलत नसत. माझ्यावरच्या उंचवट्यावर ती फडक्यात गुंडाळलेली पॅस्टी, म्हणजे खिमा-बटाटा भरलेली जाड भाजलेली करंजी, ठेवायची. माझ्या उबेने ती दुपारपर्यंत गरम राहायची. टपाल कचेरीत इर्मा सगळ्यांना ऐकवायची, "माझा गिअरबॉक्स म्हणजे लोणी आहे लोणी. इतकी वर्षं संसार केला, पण हॅरोल्डला माझं मन कळलं नाही. याला नुसता घोटा हलवला की कळतं." हे ऐकून मी मनातल्या मनात फुगायचो.

पुढे माझे तेल काळे पडले. एका नोव्हेंबरात इर्माने मला लेस्टरच्या गॅरेजमध्ये नेले. लेस्टर कामाचा पक्का माणूस. त्याने जुने तेल काढले, नवे भरले आणि मग एक यंत्र जोडून माझे शिकलेले सगळे पुसून टाकले. त्याचा मला राग नाही. झिजलेल्या तेलाशी जमवून घेताना मला ज्या सवयी लागल्या होत्या, त्या नव्या तेलाला चालल्या नसत्या. आठवणी माझ्याजवळ राहिल्या, अंगातले कसब तेवढे गेले.

"हे बघ इर्मा," लेस्टरने तिला बजावले, "याची पाटी कोरी केलीय. आता काही दिवस तूच चालवायची. तुझ्याच सीटवरून, तुझ्याच त्या वाकड्या पायाने. तेल गरम झालं की हळूहळू सगळे गिअर पडू दे. सुरुवातीला धक्के देईल, घाबरू नको. आणि दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नको, नाहीतर त्याचंच शिकेल."

"मी बरी देईन," इर्मा म्हणाली.

तिने ते मनापासूनच म्हटले असेल. पण हरणांच्या शिकारीचा मोसम तोंडावर आला होता. आमच्याकडे त्या दिवसांत शाळासुद्धा ओस पडतात. इर्माने सुट्टी घेतली होती, तिच्या जागी बदली माणूस होता. त्याच संध्याकाळी तिचा धाकटा भाऊ रॉय दारात उभा राहिला.

"ताई, माझा ट्रक बंद पडलाय. तुझी गाडी दे ना. मोसम काय माझ्यासाठी थांबणार आहे?"

"अरे, लेस्टर म्हणालाय, मीच चालवायची."

"गाडीला काय कळतंय कोण बसलंय ते? तू पण ना, ताई."

मित्रांनो, ती हसली. याला माझा घोटा कळतो म्हणून गावभर सांगणारी इर्मा त्या बोलण्यावर हसली आणि तिने किल्ली देऊन टाकली. माझा घात झाला तो त्या हसण्याने. पुढचे सगळे त्याच्या मागोमाग आले.

रॉयच्या पायात जाड बूट होते. तो पेडल दाबत नसे, तुडवत असे. मोठ्या रस्त्यावर सुसाट, जंगलात चिखलातून रेटारेटी, परतताना टपावर मेलेले हरीण. मी कोऱ्या पाटीवर मुकाट्याने सगळे गिरवून घेतले. त्याला गिअर ठणकावून हवा, तर ठणकावून. शिकणे माझ्या हाती असते, गुरू निवडणे नसते.

सुट्टी संपली आणि सोमवारी इर्मा मला घेऊन कामावर निघाली. पहिल्या पेटीपाशी तिचा घोटा हलला आणि मी रॉयच्या लाथेला द्यावे तसे उत्तर दिले. गाडीला असा हिसका बसला की पत्रे खाली पसरली, पॅस्टी सीटखाली गेली आणि कॉफी कुणाच्या तरी मासिकावर सांडली. "अरे, काय झालं तुला?" ती म्हणाली. दुपारपर्यंत ती मला काही विचारीनाशी झाली. मी प्रत्येक पेटीपाशी थोडेथोडे शिकत होतो. शेवटच्या पेट्यांपाशी हिसका कमीही झाला होता. तिने ते जमेस धरलेच नाही.

"जुन्या गिअरबॉक्सचं तेल बदललं की तो मरतोच," टपाल कचेरीतले एक शहाणे म्हणाले.

"लेस्टरने वाट लावली," इर्मा म्हणाली.

रॉय तिच्या घरी जेवायला आला, तेव्हा ताटावरून मान वर न करता म्हणाला, "माझ्याकडे तर बरी चालली की. गाडी जुनी झालीय, ताई, काढून टाक."

लेस्टरला तिने फोन केला नाही. केला असता, तर त्याने पहिल्यांदा विचारले असते, गाडी चालवली कोणी? तो प्रश्न तिला नको होता. त्याच आठवड्यात तिने गाडीसकट मला विकले आणि उजवीकडे स्टिअरिंग असलेली दुसरी गाडी आणली. मला वाटले होते, निदान जाताना उंचवट्यावर हात ठेवील. तिने सीटखालचा पॅस्टीचा फडका तेवढा काढून घेतला.

मला घेतले आर्विड सालोने. हा खाणीतून निवृत्त झालेला म्हातारा, इर्माच्याच टपालाच्या वाटेवर राहणारा. त्याला गिअरबॉक्समधले ओ की ठो कळत नाही. पण गुडघे दुखतात म्हणून तो सावकाश बसतो, गाडी गरम होईपर्यंत रेडिओ ऐकतो आणि पेडलवर पाय असा ठेवतो, जणू खाली मांजर झोपले आहे. थंडी भरात येईपर्यंत मी पुन्हा पहिल्यासारखा झालो.

फेब्रुवारीत एकदा मोठा बर्फ पडला. आर्विडने गाडी नेमकी पत्रपेटीसमोर लावून ठेवली होती. इर्मा आली, तिने हॉर्न वाजवला. आर्विड दार उघडून ओरडला, "पाठ धरलीय गं माझी. तूच सरकव. किल्ली आतच आहे."

सवयीने तिने उजवे दार उघडले. उजव्या सीटवर बसली. माझ्यावरून डावा पाय पलीकडे गेला. घोटा हलला.

मी पहिला गिअर धरला. बॉनेटवरचा भुसभुशीत बर्फसुद्धा ढळला नाही. पेटी मोकळी झाली, तरी ती उतरली नाही. गाडी मागे घेतली, पुन्हा पुढे घेतली, पुन्हा थांबवली. 

"म्हणजे तुला काही झालंच नव्हतं," ती हळूच म्हणाली.

"काय गं, रुतली का?" दारातून आर्विडने विचारले.

"नाही. चांगली चालते."

"चालते? अगं, लोणी आहे लोणी. असली गाडी विकायला लोकांचा हात तरी कसा धजतो, देव जाणे."

इर्मा गाडीतून उतरली. तिने त्याची पत्रे पेटीत टाकली आणि निघून गेली. मला बरे वाटायला हवे होते, पण वाटले नाही. माझ्यात खोट नव्हती हे तिला कळले. खोट कुठे होती, हे तिने तेव्हाही म्हटले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही काही ना काही असेल, जे तुमच्याकडून शिकते. एखादी गाडी, एखादे कुत्रे, एखादे धाकटे भावंड. कधीकधी त्याचे जुने शिकणे पुसावेच लागते. खुशाल पुसा. मात्र पुन्हा शिकवायला स्वतः बसा. त्याला दुसऱ्याच्या हाती सोडून, मग हा आता माझा राहिला नाही, असे म्हणू नका.

इर्मा अजून रोज येते. पेटीचे झाकण वाजते, आणि तिची नवी गाडी पुढे निघताना एक लहानसा हिसका देते. त्या गाडीतल्या बिचाऱ्या गिअरबॉक्सला अजून तिचा पाय कळलेला नाही. कसा ओळखायचा ते मला ठाऊक आहे, पण मला कोण विचारतो?