कुठल्या पानावरून आले

"इथं दोघांना धड बसायला जागा नाही, आणि तू म्हणे सगळ्या जगाला घरी बोलावतेयस," सुब्बाराव बायकोच्या कानाशी पुटपुटले.

चामराजपेटेतल्या त्या सायबर कॅफेत एका कॉम्प्युटरपुढं दोन स्टुलं कशीबशी मावत. सुनंदाबाई दर बुधवारी दुपारी यायच्या. सुब्बाराव आज पहिल्यांदाच आले होते, तेही "उन्हाची एकटी जाऊ नको" म्हणून.

नव्व्याण्णव साल होतं. बाईंनी इंटरनेटवर स्वतःचं पान काढलं होतं आणि रोमन अक्षरांत मराठी लिहून बंगळूरच्या मराठी घरांतल्या आमट्या नि रुसवेफुगवे त्यावर मांडत होत्या. खाली आवडत्या पानांची यादी. कुणी आपल्याला त्याच्या यादीत घेतलं, की आपण त्याला घ्यायचं आणि ई-मेलनं तसं कळवायचं. शेजारणीचा डबा कुणी रिकामा परत करतं का? शिवाय यादीत मानपान आलंच. जे. पी. नगरच्या वन्संचं पान एकदा चुकून परक्याच्या खाली लागलं, तर त्यांनी दोन महिने फोन केला नव्हता.

"अक्का, नवीन कोण आलं?" कॅफेवाल्या किरणकुमारनं लांबूनच विचारलं. वाचक कुठल्या पानावरून आपल्याकडे आला ते कसं बघायचं, हे त्यानंच शिकवलं होतं.

"स्वल्प थांब, बघते."

एक पत्ता अनोळखी होता. बाईंनी क्लिक केलं. पुण्यातल्या कुणाचं तरी पान उघडलं: नवऱ्यानं करपवलेला उपमा, न वाळणारे कपडे. खाली यादीत पहिलीच ओळ, 'आईचं पान'.

बाईंचा हात माउसवरच राहिला.

त्यांच्या लेकीनं, रूपश्रीनं, परजातीत लग्न केलं त्याला दोन वर्षं झाली होती. घरात तिचा विषय निघाला, की कुणीतरी चहा टाकायला उठायचं. तीही कळवणार कशी? "पुन्हा उंबरा चढू नको" हे बापाकडून ऐकून गेलेली पोर.

"हे यादीत घालायला हवं," बाई म्हणाल्या.

"संध्याकाळपर्यंत जे. पी. नगरच्या माझ्या अक्काला कळेल," सुब्बाराव म्हणाले.

"वन्संना कळेल, सगळ्यांनाच कळेल. आणि नाही घातलं, तर ते रूपाला कळेल."

सुब्बारावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "मैत्रीण म्हणून घाल."

"कुणाची?"

ते स्टूल पुढं ओढून बसले. मग म्हणाले, "अजून काय लिहिलंय तिनं?"

बाईंनी हळू आवाजात वाचलं, "'आई हल्ली बाबांच्या गुडघ्याबद्दल काही लिहीत नाही. म्हणजे बरा असावा.'"

पलीकडं कुणाचा तरी प्रिंटर करकरत होता. सुब्बारावांनी चष्मा पुन्हा चढवला आणि ती ओळ स्वतः वाचली.

"आमची मुलगी रूपश्री, असं लिही," ते म्हणाले. "आणि ई-मेलमध्ये लिही, दोघंही या. तिचं काही चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते माझं."