नीली टंकी डॉट इन

गाळा सोडायची तारीख ठरली होती, एकतीस डिसेंबर. कळंबोलीच्या लोखंड बाजारामागे सिताराम गमरे एकोणीस वर्षं ट्रकचे कमानपाटे, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्या (लीफ स्प्रिंग), दुरुस्त करत होता. जुने ड्रायव्हर कमी झाले. नवे ड्रायव्हर फोनमध्ये शोधायचे आणि जो वर दिसेल त्याच्याकडे जायचे. सिताराम तिथे कुठेच नव्हता. डिसेंबरपर्यंत काम वाढलं नाही तर गॅरेज बंद करून महाडकडे गावी जायचं, असं त्याने घरात सांगून टाकलं होतं आणि गाळामालकाला तशी नोटीसही दिली होती.

त्याची मुलगी संघप्रिया एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात गाड्यांचं वेळापत्रक सांभाळायची. सप्टेंबरमध्ये तिने वेबसाइट काढायचं ठरवलं. कामोठ्याचा कुलदीप वेबसाइट बनवायचा. तो नाव घेऊनच आला: बेस्ट लीफ स्प्रिंग रिपेअर कळंबोली नवी मुंबई डॉट कॉम.

"सगळे शब्द नावातच टाकायचे," तो म्हणाला. "गूगल नाव वाचतं आणि वर घेतं. सिंपल."

"पूर्वी घेत असेल. आता नुसत्या नावावर कोण वर जातं?"

"ताई, आता तुम्ही मला शिकवणार?"

"शिकवत नाही, विचारतेय. मागे ग्राइंडर चालू असताना हे नाव मी फोनवर कसं सांगू? आणि उद्या बंदराकडच्या द्रोणागिरीचं काम घेतलं तर कळंबोली खोडायचं का?"

सितारामचं तिसरंच. "बाय, बोर्डावर नाव आहे ना आपलं. तक्षशिला इंजिनिअरिंग वर्क्स. तेच टाक."

संघप्रियाने वाद घातला नाही. तिने तीन दिवस रजा काढली आणि ट्रकच्या पार्किंगशेजारी चहाच्या टपरीवर वही घेऊन बसली. प्रत्येक ड्रायव्हरला एक प्रश्न: पाटा तुटला तर फोनमध्ये काय शोधता? बापाकडे आधी येऊन गेलेल्यांना आणखी एक: त्या गॅरेजचं नाव काय?

चौसष्ट ड्रायव्हर बोलले. 'लीफ स्प्रिंग' दोघांनी सांगितलं, 'बेस्ट' एकानेही नाही. बहुतेक जण फोनला तोंडाने सांगत होते, 'कमानी रिपेअर'. जुनी गिऱ्हाइकं तेवीस निघाली. त्यातल्या एकालाही तक्षशिला माहीत नव्हतं. एकवीस जणांनी एकच नाव सांगितलं, नीली टंकी. शेडवर पाण्याची निळी टाकी होती आणि ती हायवेवरून दिसायची.

"अवं ताई, बोर्ड कोण वाचतंय!" साताऱ्याचा भैरू म्हणाला. "गाडी एका अंगाला बसली की मानूस वर बघतो. टाकी दिसली की जीव भांड्यात."

हे ऐकून सिताराम जेवला नाही. "एकोणीस वर्षं बोर्ड रंगवतोय मी. आणि लोकांना टाकी दिसते?"

"दिसते ना बाबा. ज्याला ती नाही दिसली त्याला आपणही दिसत नाही."

संघप्रियाने ते नाव फोनमध्ये शोधलं. त्या नावाचं दुसरं गॅरेज कुठेच नव्हतं. डोमेनही मोकळं होतं.

कुलदीपने कपाळाला हात लावला. "यात कामाचा एक शब्द नाही. टाकी विकताय का तुम्ही?"

"कामाचे शब्द आत येतील. मथळ्यात, फोटोखाली. दारावर फक्त नाव."

तिने पानं स्वतः लिहिली, हिंदीत आणि मराठीत, ड्रायव्हरांच्याच शब्दांत: कमानी, पाटा, पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट, कामाला किती वेळ लागेल, ट्रेलर कुठून आत घ्यायचा. नकाशावर गॅरेजची नोंद केली. वेबसाइट, नकाशा आणि बोर्ड, तिन्हीकडे एकच नाव हवं, असा तिचा आग्रह होता. दोन दिवस धुमसून सितारामने बोर्ड उतरवला आणि नवी अक्षरं स्वतः रंगवली. तक्षशिला खाली लहान अक्षरांत राहिलं. काम झालेल्या प्रत्येक ड्रायव्हरला तो आता सांगायचा, "फोनमध्ये आमच्या नावाखाली दोन ओळी टाक. खोटं नको, जे झालं ते."

ऑक्टोबरच्या मध्यात 'कमानी रिपेअर कळंबोली' शोधलं की ते तिसऱ्या पानावर दिसायचे. नोव्हेंबरच्या शेवटी पहिल्या पानावर, सहावे. चार डिसेंबरला सकाळी कुलदीपचाच फोन आला.

"ताई, माझ्या मोबाइलवर तुम्ही पहिल्या. भावाच्या मोबाइलवर पण. काय सेटिंग केली?"

"तीन दिवस चहा प्यायले."

नऊ तारखेला द्रोणागिरीच्या एका गोदामातून उत्कर्षा नावाच्या सुपरवायझरने फोन केला. तिच्याकडे बावीस ट्रेलर होते. "आमचे ड्रायव्हर नीली टंकी म्हणत होते. मी शोधलं, पहिलंच आलं. दर महिन्याला इथे येऊन सगळ्या गाड्यांचे पाटे तपासाल?"

सितारामने फोन हातात घेतला आणि नको इतक्या मोठ्याने म्हणाला, "तपासू की! सोमवारी येतो."

त्या आठवड्यात तीन दिवस गाड्यांची रांग गॅरेजच्या दारातून वळून रस्त्यावर गेली. चौदा डिसेंबरला, एका ट्रेलरखालून बाहेर येत, काळ्या हातांनीच त्याने गाळामालक हौसेरावांना फोन लावला.

"नोटीस फाडून टाका, हौसेराव."

"अरे, पण मी दुसऱ्याला शब्द दिलाय."

"त्याला दुसरीकडे बघू दे. आणि शेजारचा गाळा रिकामा आहे तो कुणाला दाखवू नका. उद्या मी येतो, माझी पोरगी येते. बोलणं ती करेल."