ऐंशीव्या पानानंतर

मालोजीराव येणार हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला चामराजपेटेतल्या आमच्या समाजगृहासमोर टांगा थांबला आणि चुरगळलेल्या कोटातला एक उंच माणूस उतरला. म्हणाला, "मी मालोजी. निपाणी."

मी हरखलो. चार वर्षं ह्यांच्या छापखान्यातली पुस्तकं घेतोय आम्ही, माणूस आज दिसत होता. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"अध्यक्ष कुठायत?"

अध्यक्ष म्हणजे दामोदरअण्णा. चार पिढ्या बेंगळुरात गेलेलं घर, बोलता बोलता निम्मं कानडी होतात. ते आतून पंच्याला हात पुसत आले. "या, बसा. स्वल्प कॉफी घ्या आधी."

"कॉफी नको." मालोजीरावांनी पिशवीतून एक पुस्तक काढून टेबलावर आपटलं. त्यांनीच छापलेली कादंबरी. सहा महिन्यांपूर्वी आमच्याकडं आलेली. "ऐंशीव्या पानाची शेवटची ओळ वाचा. मग समोरच्या पानाची पहिली. मोठ्यानं."

अण्णांनी चष्मा लावला. "सुमतीनं धारवाडच्या स्टेशनवर ट्रंक खाली ठेवली. मागं वळून बघितलं, तर..." नजर समोरच्या पानावर गेली. "...पानाच्या खालच्या अंगाला हिरवट अळी दिसल्यास तंबाखूचं ते रोप तत्काळ उपटून..."

अण्णा हसले. मला पण हसू फुटलं. मालोजीरावांचा चेहरा बघितला आणि हसू तिथंच मेलं.

"एक्याऐंशी ते शहाण्णव. अख्खा फर्मा. सोळा पानं. त्याच महिन्यात मी शेतकी सोसायटीचं तंबाखूचं पुस्तक छापत होतो. बाइंडरनं फर्मे अदलाबदल करून शिवले. एकूण एक प्रतीत."

इथं आमचं समाजगृह म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बेंगळुरातल्या मराठी घरांनी वर्गणी काढून चालवलेला एक हॉल आणि दोन खोल्या. नफा कुणी काढायचा नाही असं घटनेतच लिहिलंय. मुंजी होतात, हळदीकुंकू होतं. पण आमची खरी शेखी वेगळी. निपाणी, बेळगाव, धारवाडकडचे चार लहान प्रकाशक आम्ही धरलेत. पुढच्या खोलीत छापखाना, मागच्या खोलीत संसार, अशी माणसं. त्यांचं पुस्तक निघालं की साठ प्रती आमच्याकडं येतात, साठ घरांत जातात. वाचून झालं की प्रत्येक घरानं दोन ओळींची चिठ्ठी दाराजवळच्या बिस्किटाच्या डब्यात टाकायची. मी त्या चिठ्ठ्या टाइप करून प्रकाशकाला पाठवतो. मी सातवी पास. टायपिंग माझं मीच शिकलो. ह्या कामाचा मला फार गर्व होता.

एक नियम मात्र अण्णांनी घालून दिलेला. "परसू, लहान प्रकाशक म्हणजे ओली बाळंतीण. तिला टोचून बोलायचं नाही. गोड तेवढं पाठव." मला पटलं. मी गोड तेवढं टाइप करायचो. चिठ्ठीत निम्मं गोड असलं तर निम्मं.

"बाइंडरनं लपवलं असं नाही," मालोजीराव सांगत होते. "तोच एक दिवस आला. म्हणाला, मालक, मला शंका येतेय, एक फर्मा इकडचा तिकडं झालाय वाटतं. उरलेल्या चारशे प्रती अजून घरातच होत्या. एक उघडून बघितली असती तर संपलं असतं. पण मी काय केलं? हे काढलं."

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला. माझा कागद. माझ्या मशीनचा 'र' जरा वर उडतो, मी लांबून ओळखला.

"त्याला म्हटलं, अरे, बेंगळुरात साठ घरांनी वाचलंय. हे बघ, 'पुस्तक खाली ठेववत नव्हतं.' अळी असती तर कुणी बोललं नसतं? चारशेच्या चारशे प्रती तशाच ग्रंथालय समितीला पाठवल्या. परवा सगळ्या परत आल्या. वर शेरा. 'प्रकाशकाने स्वतःचे पुस्तक वाचलेले दिसत नाही.'"

 बाहेर टांग्याचा घोडा फुरफुरत होता.

"संकेश्वरचा एक माणूस माझं छपाईचं ट्रेडल मशीन विकत मागतोय. लग्नपत्रिका छापायला. बुधवारी गाडी घेऊन येतोय, मी हो म्हटलंय जवळपास. त्याआधी एवढंच विचारायला आलो. साठ घरं, अण्णा. एकानंही वाचलं नसेल तर मी छापतोय कुणासाठी? आणि त्या ओळीखाली नाव असलेली ही प्रेमाबाई कोण? न वाचता खाली ठेववत नाही म्हणते?"

"अहो, बायका लिहितात काहीबाही," अण्णा म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका."

 मला मात्र आठवलं. प्रेमाताईंची चिठ्ठी मला शब्दन् शब्द आठवली. एका कारखान्यातल्या इंजिनियरांच्या मिसेस, पुण्याच्या, अक्षर मोत्यासारखं. आणि आता त्या खोट्या ठरत होत्या. मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. खरं सांगतो, मी बसलो. पाचदहा सेकंद तरी बसलो.

मग म्हणालो, "त्यांनी वाचलंय. मी कापलं."

"काय कापलं?"

"चिठ्ठी."

अण्णा कानडीत काहीतरी पुटपुटले. मी कपाटावरची पत्र्याची पेटी खाली घेतली. लिहिलेला कागद केरात टाकायचा नाही, सरस्वतीला पाय लागतो, असं आमच्याकडं मानतात. म्हणून मालोजीरावांच्या पुस्तकांवरच्या चार वर्षांच्या सगळ्या चिठ्ठ्या तिच्यात होत्या. प्रेमाताईंची सापडली. मला वाचवेना. मालोजीरावांनीच हातातून ओढून घेतली.

"ऐंशीव्या पानापर्यंत पुस्तक खाली ठेववत नव्हतं. पुढे मात्र भलतंच घुसलंय. प्रकाशकांना ताबडतोब कळवावं."

त्यांनी चिठ्ठी माझ्यापुढं धरली. "हे वाचून तू काय समजलास?"

"टीका. मला वाटलं, पुढं पुढं गोष्ट बिघडलीय म्हणतायत."

"तू पुस्तक वाचलं नाहीस?"

"चाळीस पानं."

मला वाटलं आता थोबाडीत बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. त्यांनी पेटीच टेबलावर उपडी केली.

"ह्या सगळ्या? सगळ्यांचं निम्मंच पाठवलंस मला?"

"मालोजीराव, बिडीबिडी... सोडा ना ते," अण्णा पुढं झाले. "लोक लिहितात, सरी, ठीक आहे, त्यात काय एवढं. उगाच मनस्ताप."

"हात लावू नका."

ते एकेक चिठ्ठी वाचायला लागले. मोठ्यानं. शाई बोटाला लागते. नायक पहिल्या पानापासून रडतो, थांबवा त्याला. प्रस्तावना कुणी लिहिली, झोप आली. प्रस्तावना त्यांनीच लिहिलेली. मला जमिनीत जावंसं वाटत होतं. बाराएक चिठ्ठ्या झाल्या आणि त्यांचा आवाज बदलला. मला वाटलं रडतायत.

"अरे, ही कुणाची? 'गोष्ट बरी आहे. मधी किडे कशाला?'"

"कस्तुराक्कांची. हॉलचा स्वयंपाक बघतात." मी पुस्तकांच्या कपाटाकडं बोट केलं. "मला वाटलं कपाटात कसर लागली. मी डांबराच्या गोळ्या टाकल्या."

 मालोजीराव असे हसले की आतून कस्तुराक्काच झारा घेऊन बाहेर आल्या.

"काय रे, काय झालं?"

"अक्का, तुम्ही हे पुस्तक वाचलं?"

"वाचलं की. दुपारी भात शिजेपर्यंत दुसरं करू काय?" त्यांनी झारा माझ्याकडं रोखला. "ह्याला सांगितलं होतं मी. ह्यानं गोळ्या टाकल्या. चार दिवस माझ्या साखरेला वास."

तेवढ्यात प्रेमाताई पुस्तक बदलायला आल्या. रविवारी येतातच. अण्णांनी घाईघाईनं ओळख करून दिली. मी सगळं सांगितलं, मधलं काही न गाळता. त्यांचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे मी खुशामत करते असं ह्यांना वाटत होतं? आणि माझी चिठ्ठी सहा महिने पेटीत?" मग अण्णांकडं वळून, "आणि तुम्ही? बाळंतीण म्हणे! बाळंतिणीला ताप आला तर वैद्याला सांगायचं नाही का?"

अण्णा खाली मान घालून चष्मा पुसत राहिले. चार वर्षांत त्यांना कुणी असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

मालोजीराव मात्र चिठ्ठ्या गोळा करत होते. गोडवाल्या एका बाजूला, बाकीच्या दुसऱ्या. बाकीच्यांचा ढीग त्यांनी रुमालात बांधला आणि पिशवीत ठेवला. मला विचारलंही नाही.

"एवढे लोक वाचत होते," ते म्हणाले. मला, अण्णांना की स्वतःला, कळलं नाही. "आणि परवापासून मला वाटत होतं, नुसती स्तुती येतेय म्हणजे कुणी वाचत नाही."

ते उठले. प्रेमाताईंनी त्यांना दारात गाठलं.

"एक सांगून जा. मी सहा महिने अडकलेय. सुमतीनं मागं वळून बघितलं, तर कोण होतं?"

मालोजीराव थांबले. पायरीवरून मागं वळले.

"नाही सांगणार," ते म्हणाले. "सोळा पानं आहेत, बाई. संकेश्वरवाल्याला तार करतो, येऊ नको म्हणून. आणि ती छापून पाठवतो."